छोट्या दुकानाचा मद्यपरवाना : इंग्लंडमधले कौन्सिल निर्णय कसा घेते

इंग्लंड किंवा वेल्समधल्या एखाद्या वस्तीत दूध, पाव आणि वर्तमानपत्रे विकणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर फिकट निळ्या रंगाचा कागद लागला, की दुकानदाराने मद्यविक्रीच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे, एवढे आसपासच्या लोकांना समजते. मागितलेली परवानगी कसली आहे, विक्री किती वाजेपर्यंत चालणार आहे आणि हरकत कोणत्या तारखेपर्यंत नोंदवता येईल, हे त्या कागदावर लिहिलेले असते. अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सलग २८ दिवस तो रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल अशा जागी लावून ठेवणे बंधनकारक असते, आणि पहिल्या दहा कामकाजाच्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रातही एकदा जाहिरात द्यावी लागते. यापुढे काय होते, याची कल्पना मात्र रहिवाशांना फारशी नसते; पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या दुकानदारालाही ती अनेकदा नसते. परिणामी रहिवासी मनापासून लिहितात पण कायद्याच्या कसोटीला लागू न पडणारे लिहितात, आणि दुकानदार अर्जातला सर्वांत महत्त्वाचा रकाना दोन ओळींत उरकतो. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत, आणि त्यासाठी कौन्सिलपुढे, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थेपुढे, प्रश्न नेमका कोणता असतो हे आधी नीट समजले पाहिजे.

परवाने देण्याचे काम कौन्सिलकडे येऊन फार काळ झालेला नाही. १५५२ च्या कायद्यापासून मद्यविक्रीची परवानगी देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांकडे होता. २००३ चा लायसन्सिंग अॅक्ट २४ नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला, आणि तेव्हा हा अधिकार निवडून आलेल्या नगरसेवकांच्या परवाना समितीकडे आला. आपल्या भागाबद्दलचा निर्णय आपण निवडून दिलेल्या माणसांनी घ्यावा, हा त्यामागचा विचार योग्यच होता. मात्र त्यातून एक गैरसमजही रुजला. नगरसेवक लोकांच्या मतांवर निवडून येत असल्यामुळे परवान्याचा निर्णयही लोकमतानेच होत असणार, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक समितीत बसलेला नगरसेवक त्या वेळी बराचसा न्यायाधीशाच्या भूमिकेत असतो. शंभर सह्यांचे निवेदन आले म्हणून तो परवाना नाकारू शकत नाही, आणि दुकानदार गल्लीत लोकप्रिय आहे म्हणून तो देऊही शकत नाही.

कायद्याने समितीपुढे चार उद्दिष्टे ठेवली आहेत : गुन्हे व बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे हानीपासून रक्षण करणे. समितीला करायचा विचार एवढ्याच चौकटीत करायचा असतो. या जागी, या दुकानदाराने, मागितलेल्या वेळांत मद्य विकले तर यांपैकी एखाद्या उद्दिष्टाला बाधा येण्याचा खरोखर संभव आहे का, आणि असेल तर तो कोणत्या अटींनी टाळता येईल, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो. त्या भागात आणखी एका दुकानाची गरज आहे का, हा प्रश्न तिच्या कक्षेत येतच नाही. ग्राहक मिळतील की नाही हे बाजाराने ठरवावे, असे सरकारी मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. नव्या दुकानामुळे शेजारच्या जुन्या दुकानाचा धंदा बसेल, ही हरकतही त्यामुळे टिकत नाही. धार्मिक वा नैतिक कारणासाठी मद्याला असलेला विरोध कितीही प्रामाणिक असला, तरी तो या प्रक्रियेत मोजला जात नाही. त्या जागेत दुकान असावे की नसावे हा नगररचनेचा विषय आहे आणि त्याची परवानगी वेगळ्या विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

या चार उद्दिष्टांमध्ये एक मोठी उणीव आहे, आणि माझ्या मते या कायद्यातली ती सर्वांत गंभीर उणीव आहे. सार्वजनिक आरोग्य हे इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याचे उद्दिष्ट नाही. २०१२ पासून आरोग्य यंत्रणेला अर्जावर अधिकृतपणे मत देण्याचा हक्क मिळाला खरा, पण ते मत तिला वरच्या चार उद्दिष्टांपैकी एखाद्याशी जोडूनच मांडावे लागते. म्हणजे एखाद्या भागात मद्यामुळे यकृताचे आजार वाढले आहेत, असे सांगणारे कागद तिच्याकडे असले, तरी केवळ तेवढ्यावर एका दुकानाचा परवाना अडवता येत नाही; त्याच भागात मद्य प्यालेल्या अल्पवयीन मुलांना रुग्णालयात न्यावे लागते, हे दाखवता आले तर ते मुलांच्या रक्षणाच्या उद्दिष्टात बसते. शेजारच्या स्कॉटलंडने वेगळा मार्ग निवडला आहे. तिथल्या २००५ च्या कायद्यात सार्वजनिक आरोग्याचे रक्षण व संवर्धन हे पाचवे उद्दिष्ट आहे, एखाद्या परिसरात दुकाने गरजेपेक्षा जास्त झाली आहेत या कारणासाठी तिथले परवाना मंडळ अर्ज नाकारू शकते, आणि दुकानांतून मद्य सकाळी १० ते रात्री १० याच वेळात विकता येते. मे २०१८ पासून तिथे मद्याच्या प्रत्येक युनिटला (म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला) ५० पेन्स ही किमान किंमत लागू झाली आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ती ६५ पेन्स करण्यात आली. वेल्सनेही मार्च २०२० मध्ये ५० पेन्सची किमान किंमत आणली. इंग्लंडमध्ये अशी किमान किंमत नाही. उत्पादन शुल्क आणि त्यावरचा व्हॅट यांच्या बेरजेपेक्षा कमी किमतीत मद्य विकू नये, एवढीच अट मे २०१४ पासून आहे. बाटलीची किंमत साधारणपणे त्या बेरजेच्या वरच असते, त्यामुळे या अटीचा प्रत्यक्ष परिणाम अगदी थोडा होतो.

आता अर्जाकडे वळू. दुकानाला दोन वेगवेगळे परवाने लागतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिला जागेचा परवाना, ज्याला प्रिमायसेस लायसन्स म्हणतात. तो त्या पत्त्यापुरता असतो आणि बहुधा मुदतीशिवाय चालू राहतो. दुसरा पर्सनल लायसन्स, म्हणजे व्यक्तीचा परवाना. त्यासाठी एक छोटी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, गुन्ह्यांच्या नोंदीचा दाखला द्यावा लागतो आणि ३७ पौंड शुल्क भरावे लागते. असा व्यक्तिगत परवाना असलेल्या एका माणसाचे नाव दुकानाचा नियुक्त पर्यवेक्षक म्हणून नोंदवावे लागते. हा पर्यवेक्षक चोवीस तास दुकानात हजर असला पाहिजे असे नाही, पण त्याच्या जागी कोणाचेच नाव नसेल, तर त्या काळात एकही बाटली विकता येत नाही. जागेच्या परवान्याचे शुल्क दुकानाच्या करपात्र मूल्यावर ठरते आणि छोटी दुकाने बहुतेक करून खालच्या दोन गटांत मोडतात : एका गटाला अर्जासाठी १०० पौंड व दरवर्षी ७० पौंड, तर त्यापुढच्या गटाला अर्जासाठी १९० पौंड व दरवर्षी १८० पौंड. हे दर २००५ मध्ये ठरले. वार्षिक शुल्क थकले तर कौन्सिलला परवाना स्थगित करावा लागतो, आणि स्थगितीच्या काळात केलेली विक्री हा गुन्हा ठरतो.

अर्जातला ज्याला मी सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हटले, तो म्हणजे कामकाजाचा आराखडा. चारही उद्दिष्टे सांभाळण्यासाठी आपण काय करणार, हे दुकानदाराने त्यात स्वतः लिहायचे असते. यात लिहिलेले प्रत्येक वाक्य पुढे परवान्याची अट बनू शकते, आणि अट मोडणे हा गुन्हा आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी काळजी घ्यावी लागते. ‘सीसीटीव्ही बसवू’ एवढेच लिहिले तर पोलिसांचे समाधान होत नाही. कॅमेरे गल्ला आणि प्रवेशद्वार दोन्ही टिपतील, चित्रण ३१ दिवस जपले जाईल आणि मागितल्यावर ते काढून देऊ शकणारा माणूस दुकानात असेल, असे लिहिले तर होते. दुसरीकडे, प्रभाव पाडण्यासाठी ‘रात्री आठनंतर दारावर सुरक्षारक्षक ठेवू’ असे लिहून दिले, तर तो पगार वर्षानुवर्षे द्यावा लागेल. अर्ज देण्यापूर्वीच पोलिसांच्या परवाना अधिकाऱ्याशी आणि व्यापाराचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाशी बोलून त्या भागात कशाची काळजी आहे ते विचारून घेणे, हा दुकानदारासाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. त्याला पैसे पडत नाहीत, किंवा पडले तरी थोडे पडतात, आणि पुढची सुनावणी बऱ्याचदा त्यामुळेच टळते.

कारण सुनावणी प्रत्येक अर्जावर होत नाही. त्या २८ दिवसांत कोणीही ग्राह्य हरकत घेतली नाही, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. नगरसेवकांपुढे तो कागद जातही नाही; अधिकारी आराखड्यातल्या बाबी आणि कायद्याने सक्तीच्या केलेल्या अटी घालून परवाना देऊन टाकतो. कौन्सिलने आपण होऊन लक्ष घालायला हवे होते, अशी तक्रार नंतर करणाऱ्यांना हे ठाऊक नसते, की हरकतीखेरीज नगरसेवकांना नकार देण्याचा अधिकारच मिळत नाही. हरकत घेण्याचा हक्क पोलीस, अग्निशमन दल, पर्यावरण-आरोग्य विभाग, बालसंरक्षण यंत्रणा, ट्रेडिंग स्टँडर्ड्स, सार्वजनिक आरोग्य विभाग, २०१७ पासून गृहखात्याची इमिग्रेशन शाखा आणि खुद्द कौन्सिलचा परवाना विभाग यांना आहेच; शिवाय कोणत्याही व्यक्तीला तो आहे. पूर्वी दुकानाच्या जवळपास राहणाऱ्यालाच हरकत घेता येत असे, ती अट २०१२ मध्ये काढून टाकण्यात आली.

हरकतीचे बळ तिच्या भाषेत नसते, तपशिलात असते. ‘आमच्या भागात आधीच खूप दारुडे आहेत’ या वाक्याने समितीच्या हाती काही लागत नाही. उलट, दुकानाच्या समोरच्या बागेत संध्याकाळी सहानंतर पंधरा-सोळा वर्षांची मुले कॅन घेऊन बसतात, अमुक तारखांना पोलिसांना बोलावावे लागले, तक्रारींचे क्रमांक हे, फोडलेल्या बाटल्यांची छायाचित्रे ही, असे लिहिले, तर समितीला चारपैकी तीन उद्दिष्टांवर विचार करावाच लागतो. हरकतदाराने आणखी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. त्याचे निवेदन अर्जदाराला दाखवले जाते, आणि नाव-पत्ता सहसा झाकला जात नाही. सूडाची खरी भीती असेल तर अपवाद करता येतो. तसे नसेल आणि तरी पुढे यायला मन धजत नसेल, तर स्थानिक नगरसेवकाला आपल्या वतीने बोलायला सांगता येते किंवा आपली माहिती पोलिसांकडे वा संबंधित विभागाकडे देता येते.

हरकत मागे घेतली गेली नाही, तर मुदत संपल्यापासून वीस कामकाजाच्या दिवसांत सुनावणी सुरू होते. ती संपूर्ण परवाना समितीपुढे होत नसून तीन नगरसेवकांच्या उपसमितीपुढे होते, आणि त्यांना सल्ला देण्यासाठी कौन्सिलचा कायदा अधिकारी तिथे बसलेला असतो. वातावरण न्यायालयापेक्षा पुष्कळ साधे असते, वकील नेमण्याची सक्ती नसते, आणि दोन्ही बाजूंना सारखाच वेळ मिळतो. हरकतदाराला लेखी मांडलेल्या मुद्द्यांचा विस्तार करता येतो, पण अगदी नवा मुद्दा ऐन वेळी आणता येत नाही. उपसमितीला परवाना देता येतो, अटी वाढवून देता येतो, विक्रीच्या वेळा कमी करता येतात, प्रस्तावित पर्यवेक्षक नाकारता येतो किंवा अर्ज फेटाळता येतो. मात्र जे काही केले ते उद्दिष्टांसाठी योग्य आणि प्रमाणात असले पाहिजे, आणि त्याला पुराव्याचा आधार असला पाहिजे. २००८ मध्ये वायव्य इंग्लंडमधल्या ‘विरल’ (Wirral) नावाच्या भागातल्या एका हॉटेलच्या प्रकरणात हाय कोर्टाने ही गोष्ट ठळकपणे सांगितली. वेळ वाढवल्यास त्रास होईल या अंदाजावर, कौन्सिलच्या निर्णयावरच्या अपिलात, दंडाधिकाऱ्यांनी वेळा कापल्या होत्या. प्रत्यक्षात तसा त्रास झाल्याचा पुरावा नव्हता आणि पोलिसांची हरकतही उरली नव्हती, म्हणून तो आदेश रद्द झाला.

दुकानांच्या बाबतीत वेळेचा प्रश्न आणखी नाजूक आहे. जुन्या, १९६४ च्या कायद्याखाली दुकानातून मद्य साधारणपणे सकाळी ८ ते रात्री ११ आणि रविवारी सकाळी १० ते रात्री साडेदहापर्यंत विकता येई. नव्या कायद्याने अशा ठरावीक वेळा काढून टाकल्या. दुकान जितका वेळ खरेदीसाठी उघडे, तितका वेळ मद्यविक्रीलाही साधारणपणे मुभा असावी, असे सरकारी मार्गदर्शिका म्हणते. वेळ कमी करायची असेल तर त्या जागेशी निगडित सबळ कारण दाखवावे लागते. रात्री बारानंतरच्या विक्रीवर हरकत घेणाऱ्याने म्हणूनच त्या वेळेत काय घडते, हेच दाखवले पाहिजे.

काही भागांत पारडे उलट फिरते. एकाच परिसरात परवान्यांची संख्या इतकी वाढली की त्यांच्या एकत्रित परिणामानेच उपद्रव होतो, असे पुराव्यानिशी दिसले, तर कौन्सिल त्या परिसरासाठी संचित परिणामाचे मूल्यांकन प्रसिद्ध करू शकते. एप्रिल २०१८ पासून याला थेट कायद्याचा आधार आहे, आणि दर तीन वर्षांनी ते पुन्हा तपासावे लागते. अशा परिसरात नव्या अर्जाला हरकत आली, की आपल्या दुकानामुळे त्या एकत्रित परिणामात भर पडणार नाही हे पटवून देण्याची जबाबदारी प्रत्यक्षात दुकानदारावर येते. नवे दुकान भाड्याने घेण्यापूर्वी कौन्सिलचे परवाना धोरण आणि असा परिसर दाखवणारा नकाशा पाहून घेतला नाही, तर कित्येक महिन्यांचे भाडे वाया जाण्याची शक्यता असते. तिथेही दार पूर्ण बंद नसते. हरकत आली नाही तर इथेही परवाना द्यावाच लागतो.

अटींपैकी दोन प्रकार छोट्या दुकानांना विशेष लागू पडतात. पहिला वयाचा. अठरा वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकणे गुन्हा आहे आणि वय तपासण्याचे धोरण ठेवणे सक्तीचे आहे. बहुतेक दुकाने पंचवीस वर्षांखालचा वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतात आणि नकार दिलेल्या विक्रीची वही ठेवतात. ती वही रोज भरलेली असेल तर समितीपुढे तिचा मोठा उपयोग होतो. दुसरा प्रकार अतितीव्र बिअर आणि सायडर, म्हणजे सफरचंदाचे मद्य, यांचा. इप्सविचमध्ये २०१२ साली पोलीस आणि स्थानिक संस्थांनी दुकानदारांना साडेसहा टक्क्यांहून अधिक तीव्रतेची स्वस्त बिअर व सायडर स्वेच्छेने काढून टाकण्याचे आवाहन केले, आणि त्यानंतर अनेक कौन्सिलांनी तसे उपक्रम राबवले. सगळ्या दुकानांवर सरसकट ही सक्ती करता येत नाही, पण एखाद्या दुकानाबाहेर दिवसभर पिणाऱ्यांचा त्रास सिद्ध झाला, तर त्या एका परवान्यावर तशी अट येऊ शकते.

परवाना मिळाला म्हणजे प्रकरण संपले, असेही नाही. कोणालाही, कधीही, चार उद्दिष्टांपैकी एकाच्या आधारावर परवान्याचे पुनरावलोकन मागता येते. त्या वेळी समिती अटी बदलू शकते, पर्यवेक्षक हटवू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना स्थगित करू शकते किंवा तो कायमचा रद्द करू शकते. तस्करीचे मद्य वा तंबाखू विकणे, काम करण्याचा हक्क नसलेल्या माणसाला कामावर ठेवणे आणि अल्पवयीन मुलांना वारंवार मद्य विकणे या गोष्टी विशेष गंभीर मानल्या जातात. त्यांत पहिल्याच वेळी परवाना रद्द करण्याचा गांभीर्याने विचार व्हावा, असे मार्गदर्शिका सांगते. २०१६ मध्ये ईस्ट लिंडसी कौन्सिलच्या प्रकरणात हाय कोर्टाने म्हटले, की त्यासाठी मालकावर आधी खटला झालेला असण्याची गरज नाही, कारण समितीचे लक्ष पुढे काय होऊ शकते याकडे असते. अशा वेळी घाईघाईने परवाना पत्नीच्या किंवा भावाच्या नावे करून देण्याने फारसे साधत नाही. दुकानाचा कारभार खरोखर कोणाच्या हाती राहणार, हे समिती विचारतेच.

कुटुंबाने चालवलेल्या दुकानांना एक वेगळा धोका असतो आणि त्यात कोणाची चूकही नसते. परवानाधारक मरण पावला, दिवाळखोर झाला किंवा परवाना ज्या कंपनीच्या नावे आहे ती बुडाली, तर परवाना आपोआप संपतो. त्यानंतरच्या २८ दिवसांत परवाना तात्पुरता आपल्याकडे घेत असल्याची सूचना देता येते किंवा हस्तांतरणाचा अर्ज करता येतो; ती मुदत टळली की नव्याने निळा कागद लावून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घरात दुःख असताना हे कोणाला आठवणार? म्हणून परवाना कोणाच्या नावावर आहे आणि मुदत कशी मोजतात, हे घरातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाला आधीच ठाऊक असावे.

समितीचा निर्णय मान्य नसेल तर तो कळवल्यापासून २१ दिवसांत दंडाधिकारी न्यायालयात अपील करता येते, आणि हा हक्क दुकानदाराप्रमाणे हरकत घेतलेल्या रहिवाशालाही आहे. पुनरावलोकनात परवाना रद्द झाला असला, तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो आदेश सहसा अंमलात येत नाही, आणि दुकानातली विक्री तोवर चालू राहते. त्रास सोसणाऱ्या शेजाऱ्यांना हे अन्यायाचे वाटते, पण कायद्यात तशीच तरतूद आहे. अपिलात प्रकरण नव्याने ऐकले जाते, तरी समितीचे म्हणणे बाजूला सारले जात नाही. २०११ मध्ये वेस्टमिन्स्टरमधल्या एका पबच्या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने ठरवून दिले, की समितीचा निर्णय चुकीचा होता असे पटल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांनी तो बदलू नये, आणि समितीने कारणे जितकी सविस्तर व स्पष्ट दिली असतील तितके त्यांना अधिक वजन द्यावे. म्हणूनच निकालाचे पत्र हाती आल्यावर दोन्ही बाजूंनी प्रथम त्यातली कारणे वाचावीत, आपण मांडलेल्या कोणत्या पुराव्याला समितीने उत्तर दिले आहे आणि कोणत्याला दिलेले नाही ते पाहावे, आणि अपिलाचा निर्णय त्यावरून घ्यावा.